खालिद जमील यांची वाटचाल आणि आपल्या किनाऱ्यावरचे होऊ घातलेले प्रशिक्षक

मधली_फळी (धागाकर्ता)

विद्यापीठाकडून, जिल्ह्याकडून किंवा मुंबईत एखाद्या ऑफिस टीमकडून खेळून गावी परतलेले फुटबॉलपटू रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरेच आहेत. त्यांतले काही जण शाळेच्या मुलांना शिकवायला घेतात आणि दोन मोसमांत सोडून देतात. म्हणून हा धागा. २०२५मध्ये भारताचे मुख्य फुटबॉल प्रशिक्षक झालेल्या खालिद जमील यांच्या कारकिर्दीतून आपल्याला काय उचलता येईल, यावर जाणकारांनी नेमकं लिहावं.

आधी वाटचाल. जन्म १९७७, कुवेत. मधल्या फळीतला खेळाडू. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळले, भारताकडूनही खेळले. २००७मध्ये नव्याने निघालेल्या मुंबई एफसीत गेले, पण दुखापतींनी खेळ थांबवला. २००९मध्ये त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले, तेव्हा वय होतं ३२. पुढे २०१६पर्यंत तिथेच. क्लब लहान, पैसा बेताचा, विजेतेपद एकही नाही. पण इतकी वर्षं संघ आय-लीगमधून (तेव्हाची देशातली सर्वांत वरची लीग) खालच्या श्रेणीत घसरला नाही. हे सहज वाचून पुढे जाण्यासारखं नाही, कारण जमील गेल्यावर पुढच्याच मोसमात, २०१६-१७ला, मुंबई एफसी तळाला जाऊन घसरली.

त्याच मोसमात जमील यांनी ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. १८ सामन्यांत ३७ गुण, मोहन बागान ३६वर. शेवटच्या टप्प्यात घरच्या मैदानावर बागानला १-० हरवलं आणि ३० एप्रिल २०१७ला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ बरोबरी करून चषक घेतला. ऐझॉल आदल्या मोसमात घसरलेलाच संघ होता. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन क्लबांनी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधात माघार घेतली, म्हणून ऐझॉलला परत घेतलं गेलं. आपल्या किनाऱ्यावरच्या त्या दुःखद निर्णयातून मिझोरामचं दार उघडलं.

पुढे ईस्ट बंगाल, मोहन बागान, मग नॉर्थईस्ट युनायटेड. जानेवारी २०२१मध्ये मोसमाच्या मधेच त्यांच्याकडे संघ आला. साथीमुळे ती सगळी आयएसएल (इंडियन सुपर लीग) गोव्यातच चालली होती: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. उरलेल्या ९ साखळी सामन्यांत ६ विजय, ३ बरोबरी, पराभव शून्य. संघ तिसरा आला आणि उपांत्य फेरीत गेला. भारतीय प्रशिक्षकाने आयएसएल संघाला तिथवर नेण्याची ती पहिली वेळ. पुढच्या मोसमात त्यांना कायम केलं, तेव्हा संघ ११ संघांत दहावा आला. तेही इथे लिहायला हवं.

डिसेंबर २०२३अखेर जमशेदपूर. २०२४-२५ला आयएसएलची उपांत्य फेरी आणि सुपर कपचा अंतिम सामना (एफसी गोवाकडून ०-३). २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी सलग दोन वर्षं महासंघाचे सर्वोत्तम प्रशिक्षक. ऑगस्ट २०२५मध्ये भारताचे मुख्य प्रशिक्षक. २०१२मध्ये गोव्याच्या साव्हियो मदेरांची कारकीर्द संपल्यापासून पहिले भारतीय.

माझं मत सरळ आहे. ऐझॉलचा चषक ऐझॉलमध्ये घडला नाही, तो मुंबई एफसीच्या सात वर्षांत घडला. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे दोघं मुंबई एफसीतूनच त्यांच्याबरोबर गेले होते. कमी पैशांत कोणता खेळाडू कुठे उभा करायचा, हे ज्ञान एका जागी टिकून राहिल्याशिवाय येत नाही.

---

शेवटचा_बचाव

बरा लिवलास. खेळाच्या पद्धतीबद्दल थोडं.

जमीलचे संघ चेंडू फार वेळ स्वतःकडे ठेवत नाहीत. चार-चारच्या दोन ओळी, पुढे दोघं किंवा एक पुढे आणि एक त्याच्या मागे. चेंडू हिसकावला की दोन-तीन पासमध्ये समोरच्या गोलकडे. शिवाय कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो यांवर भर. ज्याच्याकडे महागडे खेळाडू नाहीत त्याला हे परवडतं, आणि शाळा-कॉलेजच्या संघालाही.

पण ‘दोन ओळी करा’ असं म्हणून त्या होत नाहीत. बचावफळी आणि मधली फळी यांत १० ते १२ मीटर अंतर हवं. १५च्या वर गेलं की समोरचा खेळाडू त्या फटीत वळून उभा राहतो आणि सगळी रचना मोडते. रुंदीही आवळायची, साधारण ३५-४० मीटर. चेंडू उजवीकडे गेला की डावा विंगर मैदानाच्या मध्यापर्यंत आत यायला हवा. मुलं तिथेच चुकतात, आपल्या बाजूची रेषा राखत उभी राहतात.

सराव असा: अर्धं मैदान, ८ बचावाचे (४+४), समोर ८ हल्ल्याचे. पहिली ५ मिनिटं चेंडू फक्त हातांनी पास करायचा. वेग उतरतो आणि ओळ कशी सरकते ते मुलांना दिसतं. मग पायांनी. हाका तीनच ठेवा: ‘चढ’ (ओळ पुढे), ‘थांब’, ‘पड’ (ओळ मागे). चेंडूवाल्याची पाठ आपल्याकडे किंवा त्याने मागे पास दिला, तर चढ. त्याच्यावर कुणी नाही आणि मान वर आहे, तर पड. मधल्या अवस्थेत थांब. हाक द्यायचं काम एका सेंटरबॅकचंच. चौघं ओरडले तर कुणीच ऐकत नाही.

सर्वांत जास्त गोल ज्या चुकीने होतात ती ही: मधली फळी दाबायला पुढे धावते आणि बचावफळी भीतीने जागेवरच राहते. फट २५ मीटरची होते. दोष मधल्या फळीचा वाटतो, पण असतो मागच्यांचा.

---

मांडवीपार

आकडे बरोबर आहेत. फक्त जमील हा एकच नमुना धरू नका, गोव्यात याहून जुनी परंपरा आहे. आर्मांदो कुलासोंनी धेंपोला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं: २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. डेरिक परेरा साळगावकरचा बचावपटू. २००५-०६ला महिंद्रा युनायटेडने नॅशनल लीग (आय-लीगच्या आधीची) जिंकली तेव्हा प्रशिक्षक तेच, आणि पुढे पुणे एफसीला २०१२-१३मध्ये आय-लीगमध्ये दुसरं आणलं.

क्लिफर्ड मिरांडाची वाट तर इथल्या माणसाने नीट अभ्यासावी. टाटा अकादमी, मग धेंपोची मोठी कारकीर्द, मग लगेच मुख्य पद न घेता एफसी गोवात सहायक. फेब्रुवारी २०२०मध्ये परदेशी प्रशिक्षकाला हटवल्यावर शेवटच्या सामन्यांना संघ त्याच्या हातात आला. जमशेदपूरवर ५-० विजय आणि लीग शील्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाची). २०२३मध्ये ओडिशा एफसीचा हंगामी प्रशिक्षक म्हणून सुपर कप जिंकला, अंतिम सामन्यात बंगळुरूवर २-१.

म्हणजे जमील ३२व्या वर्षी थेट मुख्य प्रशिक्षक, मिरांडा वर्षानुवर्षं सहायक. आपल्याकडच्या माणसाला मला दुसरी वाट जास्त योग्य वाटते. सहायकाला सराव आखायला मिळतो, निकालाचा दाब दुसऱ्यावर असतो.

---

मधली_फळी

मांडवीपार, पण कणकवली-देवगडात सहायक व्हायला मुख्य प्रशिक्षक तरी कुठे आहे? तुमच्याकडे गोव्यात गावागावांत क्लब आहेत. इथे जो उभा राहील तोच मुख्य, तोच सहायक आणि तोच मैदानाला चुना मारणारा. म्हणून मला मुंबई एफसीतला जमील जवळचा वाटतो.

---

खाडीकाठ

प्रशिक्षकाच्या लायसन्सबद्दल कुणी सांगेल का? खेळलेल्या माणसाला थेट वरचं मिळतं का?

---

राइटबॅक_४

खाडीकाठ, क्रम असा: डी, मग एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) सी, बी, ए आणि शेवटी प्रो. आयएसएल क्लबचा मुख्य प्रशिक्षक व्हायला प्रो लागतं. जमीलकडे ते आहे, म्हणूनच नॉर्थईस्टला त्याला मधेच पुढे करता आलं. लायसन्स नसतं तर ९ सामन्यांची ती संधी दुसऱ्या कुणाला गेली असती. हा मुद्दा खेळाडूंच्या लक्षात उशिरा येतो: संधी अचानक येते आणि तेव्हा कागद हातात असावा लागतो.

महाराष्ट्रात अभ्यासक्रम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत, गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशनमार्फत. दोन टप्प्यांच्या मधे प्रत्यक्ष संघाला शिकवल्याचा काळ दाखवावा लागतो, त्यामुळे डी झाल्याबरोबर एखाद्या शाळेशी किंवा क्लबशी लेखी संबंध जोडून ठेवा. सरावांची वही ठेवा: तारीख, मुलांची संख्या, जागेची मापं, विषय, काय जमलं नाही. पुढच्या अर्जाला ही वही कामाला येते.

चांगले खेळलेले लोक परीक्षेत कुठे अडकतात?

पहिलं म्हणजे स्वतः करून दाखवत राहतात. प्रात्यक्षिक एकदा, फार तर दोनदा, १५-२० सेकंदांत. त्यानंतर चेंडू मुलांच्या पायात.

दुसरं, चूक दिसली की खेळ थांबवून भाषण. ‘थांबा’ म्हटल्यावर सगळे जिथे आहेत तिथे गोठले पाहिजेत, तेव्हाच चित्र दाखवता येतं. मुलं चार पावलं चालली तर समजवण्यात अर्थ नाही. एक मुद्दा, अर्धं मिनिट, पुन्हा सुरू.

तिसरं आणि सर्वांत मोठं, जागेचं माप. ४ विरुद्ध ४ला १५×१० मीटर दिलं तर कुणालाच मान वर करता येत नाही आणि सगळे लाथाळतात. ३०×२० द्या, तोच खेळ उलगडतो. सराव फसला तर मुलांना दोष देण्याआधी कोन (जागा आखायचे शंकू) हलवून बघायचे.

---

तांबडी_माती

आता जमिनीकडे या. जमीलचे संघ गवतावर किंवा टर्फवर खेळतात. आपल्याकडे तीन प्रकार: सड्यावरचं (खडकाळ पठारावरचं) जांभ्याचं मैदान, भात कापल्यावरचे कुणगे (शेताचे तुकडे) आणि पुळण (समुद्रकाठची वाळू). प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

सडा. चेंडू जास्त आणि वेडावाकडा उसळतो. कडक कातड्याचे महाग चेंडू इथे एका मोसमात सोलून निघतात. साच्यातले रबरी चेंडू टिकतात. हवा थोडी कमी ठेवा. ५ नंबरच्या चेंडूला नियमाने ०.६ ते १.१ वातावरणदाब चालतो, सड्यावर खालच्या टोकाजवळ ठेवला की उसळी आवरते. १२ वर्षांपर्यंत ४ नंबरच. लांब स्टडचे बूट इथे नकोतच. टाच आणि नडगी धरते, आणि स्टड खडकावर घसरून घोटा मुरगळतो. आखूड रबरी गाठींचे, टर्फसाठी मिळतात ते घ्या. घसरून टॅकल शिकवू नका, मांडी सोलवटते आणि पावसाळ्यात ती जखम चिघळते.

कुणगे. नोव्हेंबरनंतर मिळतात, वायंगणी (पावसाळ्यानंतरची भात) शेती नसेल तिथे. मेरा (बांध) मधे येतात, म्हणून पूर्ण मैदानाचा हट्ट सोडा. एका कुणग्यात ४ विरुद्ध ४, शेजारच्यात दुसरा गट. बुडखे (कापलेल्या भाताचे खुंट) आडवे करून, दोन दिवस पाणी मारून दाबले नाहीत तर अनवाणी मुलांच्या तळव्यात घुसतात.

पुळण. सुकतीला (ओहोटीला) ओली, घट्ट वाळू मिळते. तिच्यावर पासिंग उत्तम होतं. वरच्या भुसभुशीत वाळूत ताकद वाढते, पण पोटरी आणि टाचेमागची शीर यांवर भार येतो. पहिल्या दोन आठवड्यांत १५-२० मिनिटांच्या वर नको. सुकतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून आठवड्याचं वेळापत्रक पंचांग बघून लावा. ‘रोज साडेपाचला’ असं पुळणीवर चालत नाही. बीच सॉकरचं मैदान ३५-३७ मीटर लांब आणि २६-२८ रुंद, पाच-पाच खेळाडू, १२ मिनिटांचे तीन भाग, अनवाणी. मालवण-वेंगुर्ल्याच्या मुलांना हा खेळ सहज जमेल.

गोलपोस्टबद्दल कळकळीने सांगतो. खाऱ्या हवेने लोखंडी पाइप आतून खातो. जोड आणि बूड दर मोसमाआधी ठोकून बघा, आवाज बदबद आला तर पाइप बदला. हलवता येणारी पोस्ट मागच्या आडव्या पाइपवर वाळूच्या गोण्या टाकून, दोन्ही बाजूंना, सराव सुरू होण्यापूर्वीच बांधून ठेवायची. क्रॉसबारला लटकलेल्या मुलावर पोस्ट उलटली तर जीव जातो.

---

शेवटचा_बचाव

तांबडी_मातीशी सहमत. पावसाचं जोडतो. शालेय जिल्हा स्पर्धा पावसाळ्यात आणि त्याला लागूनच असतात, म्हणजे चिखलात खेळावंच लागतं. चिखलात जमिनीवरचा आडवा पास अडकतो आणि समोरचा तो उचलून गोल करतो. स्वतःच्या गोलसमोर आडवा पास बंद, ही एकच सूचना द्या. गोलीला चेंडू पोटाशी धरण्यापेक्षा मुठीने किंवा तळव्याने बाहेर ढकलायला शिकवा, ओला चेंडू निसटतो. आणि पायाला जखम असलेल्या मुलाला साचलेल्या पाण्यात उतरवू नका. लेप्टोचा (साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप) धोका खरा आहे. सरावानंतर साबणाने पाय धुणं सक्तीचं, आणि ताप आला तर घरगुती काढ्यावर न थांबता त्याच दिवशी डॉक्टर.

---

खाडीकाठ

आठवड्यात तीनच दिवस मिळतात, तेही शाळेनंतर. २० मुलं, ८ चेंडू. काय करायचं?

---

राइटबॅक_४

पुरेसं आहे. ७५ मिनिटांचा एक सराव असा लावा.

पहिली १५ मिनिटं चेंडूसह अंग मोकळं करणं. नुसत्या मैदानाच्या फेऱ्या मारून घेण्यात वेळ घालवू नका. मग २० मिनिटं ४ विरुद्ध १, पाच-पाचचे चार गट, प्रत्येकाला १०×१० मीटरचा चौकोन. जमू लागलं की ३ विरुद्ध २ करा. मग ४ विरुद्ध ४चा सामना, ३०×२०वर, ४ मिनिटांचे ५ डाव, मधे दीड मिनिट पाणी. दोन मैदानांवर १६ मुलं खेळतात; उरलेली ४ आळीपाळीने गोली आणि पुढच्या डावाचे बदली. मग १० मिनिटं गोलवर फटके, शेवटी ४-५ मिनिटं चालणं आणि ताणणं.

फटक्यांच्या सरावात रांग लावायची नाही. २० मुलांची एक रांग आणि एक चेंडू असेल तर १० मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला जेमतेम तीन-चार फटके येतात. चार गोल करा, दोन कोन म्हणजे एक गोल. कोकणात सर्वांत जास्त वेळ या रांगांत वाया जातो असं माझं स्पष्ट मत आहे.

तीन दिवसांची वाटणी: शनिवारी सामना असेल तर मंगळवारी जोराचा सराव, गुरुवारी आखूड वेगाच्या धावा आणि कॉर्नर-फ्री किक. आदल्या दिवशी दमवणं नको. दमट हवेत घाम सुकत नाही, अंग तापतच राहतं. दर १५ मिनिटांनी पाणी, आणि मोठ्या मुलांच्या पाण्यात मीठ-साखर. १२ वर्षांखालच्यांना हेडिंगचा सराव नकोच.

निवडीबद्दलही: १३-१४ वर्षांत लवकर वाढलेला उंच मुलगा जिंकून देतो, म्हणून सगळे त्यालाच घेतात. १७व्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला येतात आणि तो मागे पडतो. छोट्या चपळ मुलांना संघात ठेवा. कबड्डी खेळणारी मुलं जरूर बघा: खाली वाकून दिशा बदलणं त्यांना आधीच येतं, बचावात ती पटकन तयार होतात.

---

मांडवीपार

कॉर्नरवर एक. जमीलसारखा भर द्यायचा तर दोनच आखलेल्या चाली ठेवा, सहा नव्हे. एक जवळच्या पोस्टवर: एक जण धावत येऊन चेंडू मागे सरकवतो, दुसरा लांबच्या पोस्टवर. दुसरी, आखूड पास देऊन परत क्रॉस. मागे दोघं नेहमी मध्यरेषेजवळ. समोरच्याने एक पुढे ठेवला असेल तरी आपले दोन. शाळेच्या सामन्यांत कॉर्नर आपला आणि गोल त्यांचा, हे वारंवार होतं.

आणि मध्यंतराआधीची पाच मिनिटं. १४ ऑक्टोबर २०२५ला फातोर्ड्यावर भारत सिंगापूरविरुद्ध १-०ने पुढे होता. ४४व्या मिनिटाला बरोबरीचा गोल बसला, दुसऱ्या डावात आणखी एक, आणि १-२ने आशियाई कपची पात्रता हुकली. त्याआधी सप्टेंबरमध्ये याच प्रशिक्षकाने ताजिकिस्तानात ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपमध्ये तिसरी जागा मिळवली होती. ४०व्या मिनिटापासून ओळ आवळायची, थ्रो-इन सावकाश घ्यायचा, मधून पास द्यायचा नाही: हेही सरावात घड्याळ लावून करून घ्यावं लागतं. ‘शेवटची पाच मिनिटं, आपण १-०ने पुढे’ असं सांगून ८ विरुद्ध ८ खेळवा.

---

मधली_फळी

सगळ्यांचे आभार, धागा संग्रही ठेवण्यासारखा झाला. मैदानाचा प्रश्न उरतो. दिवाळीनंतर मेपर्यंत प्रत्येक मैदानावर अंडरआर्म आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा, त्यात मधे शिमगा. आणि गणपतीत तर दहा दिवस सराव बंदच.

---

तांबडी_माती

गणपतीत बंद ठेवाच, मुलं येणार नाहीत आणि आणूही नयेत. त्यानंतरचा पहिला आठवडा निम्म्या भाराचा धरा, नाहीतर मांडीच्या मागचा स्नायू धरतो.

क्रिकेटशी भांडून मैदान मिळत नाही. स्पर्धा बहुधा शनिवार-रविवारी आणि रात्री प्रकाशात. मंगळवार आणि गुरुवारची संध्याकाळ ग्रामपंचायतीकडून वर्षभरासाठी लेखी मागून घ्या, शाळेच्या पत्रावर. अर्जात ‘मैदान’ असं मोघम न लिहिता ‘मैदानाचा पूर्वेकडचा ४०×३० मीटर भाग, ४.३० ते ६’ असं लिहा. खेळपट्टी मधे असते, ती अडत नाही, म्हणून क्रिकेटवालेही सही देतात. शनिवारचा सराव पुळणीवर न्या. मार्चपासून तर न्याच, तेव्हा सडा संध्याकाळी पाचलाही तापलेला असतो.